एका हातात पुस्तक, एका हातात काठी

"मास्तर, पोरगं खेळात फार रमतंय. अभ्यासाकडं बघत नाही. काय करावं?"

शाळेच्या नोकरीत हा प्रश्न आम्ही किती वेळा ऐकला, त्याची गणती नाही. कुणाचा मुलगा तालमीत रमे, कुणाचा कबड्डीत, कुणाचा क्रिकेटमध्ये. आमचे उत्तर ठरलेले असे. "खेळ बंद करा. पुस्तक हातात द्या." असे सांगताना आम्हाला मोठे शहाणपण केल्यासारखे वाटे.

एकदा एका बापाने आमचा शब्द तंतोतंत पाळला. मुलाचे मैदान बंद केले. झाले काय, तर मैदान सुटले आणि पुस्तकही हाती आले नाही. मुलगा उदास झाला. वर्षभरात त्याने शाळाच सोडली. त्या मुलाची आठवण झाली की आम्हाला अजून चुटपुट लागते. आम्ही त्याला दोन दारे दाखवली होती. एकातून जा, दुसरे बंद कर, असे सांगितले होते. दोन्ही दारे उघडी ठेवता येतात का, हे आम्ही तपासलेच नाही.

म्हणून आज एका परदेशी खेळाडूची हकीकत सांगतो. त्याचे नाव केन ड्रायडन. त्याने खेळ सोडला नाही आणि शिक्षणही सोडले नाही. हे त्याने कसे जमवले, त्यासाठी काय सोसले आणि त्याचा काय उपयोग झाला, ते सावकाश पाहू.

हा खेळ कसा असतो?

हॉकी म्हटले की आपल्याला मेजर ध्यानचंद आठवतात. मोकळे मैदान, वाकडी काठी आणि पांढरा चेंडू आठवतो. पण कॅनडा देशात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. कॅनडा हा अमेरिकेच्या उत्तरेला लागून असलेला थंड मुलूख. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात. पाण्यावर फरशीसारखा घट्ट बर्फ जमतो. त्यावर पोरे खेळतात. आपल्या लडाखातही हिवाळ्यात तळी अशीच गोठतात आणि तिथली मुले-मुली हाच खेळ खेळतात. मोठ्या गावांत यंत्राने बर्फ जमवून छपराखाली मैदान करतात.

खेळाडूच्या बुटांखाली पोलादी पाती असतात. त्या पात्यांवर तो बर्फावरून सरसर घसरत जातो. या खेळात चेंडू नाही. कठीण रबराची काळी चकती असते. ती तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. डिंकाचा लाडू तळहाताखाली दाबून चपटा करावा, तेवढी समजा. मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. भोवती कठडा. प्रत्येक बाजूचे सहा गडी मैदानात असतात. पाच जण पुढे खेळतात आणि सहावा गोल राखतो. वीस वीस मिनिटांचे तीन भाग खेळतात.

गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. त्याच्यापुढे गोलकीपर उभा. जोराने मारलेली चकती ताशी शंभर मैलांच्या वेगाने त्याच्या अंगावर येते. म्हणून त्याच्या पायांना, छातीला आणि हातांना जाड गाद्या बांधलेल्या असतात. तोंडावर मुखवटा असतो. पण हा मुखवटा पूर्वी नव्हता बरे! मॉन्ट्रियल शहराच्या संघाचा जाक प्लांट नावाचा गोलकीपर होता. १९५९ साली एका सामन्यात चकती त्याच्या तोंडावर बसली. टाके घालून घेतल्यावर तो मुखवटा लावूनच मैदानात परत आला. तेव्हापासून ही चाल पडली. त्याआधी हे लोक उघड्या तोंडाने चकती अडवत होते.

केन ड्रायडन हा असाच एक गोलकीपर.

घरामागचे अंगण

केनचा जन्म ८ ऑगस्ट १९४७ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टन गावी झाला. म्हणजे आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळाले त्याच महिन्यात. तो वाढला टोरांटो शहराच्या एका उपनगरात. त्याच्या वडिलांचे नाव मरे ड्रायडन. त्यांनी घरामागच्या अंगणात डांबर टाकून घेतले आणि दोन्ही टोकांना गोल उभे केले. आळीतली सगळी पोरे तिथे जमत. बर्फ नसला तर टेनिसच्या चेंडूने हॉकी चाले.

केनचा भाऊ डेव्ह सहा वर्षांनी मोठा. तो गोलकीपर, म्हणून धाकटाही गोलकीपर. मोठ्याने विटी-दांडू घेतला की धाकटा गोट्या खेळत नाही, तसेच हे. पुढे डेव्हही धंदेवाईक खेळाडू झाला. त्याने शिक्षकाचा पेशाही केला. एकाच घरातल्या दोन मुलांनी खेळाबरोबर दुसरे काम हाताशी ठेवले, हे लक्षात घ्या. ही गोष्ट आपोआप होत नाही. ती घरात रुजवावी लागते.

सोळा-सतराव्या वर्षीचा पेच

आता पेच कुठे होता ते सांगतो.

धंदेवाईक खेळ म्हणजे पगार घेऊन खेळणे. कॅनडा आणि अमेरिका मिळून एक मोठी संघटना आहे. तिचे नाव नॅशनल हॉकी लीग. आपण तिला नुसते लीग म्हणू. १९६७ सालापर्यंत त्या लीगमध्ये अवघे सहा संघ होते. एका संघात वीसेक खेळाडू धरले, तर सगळ्या मिळून सव्वाशे नोकऱ्या भरत. गोलकीपर तर संघात एक, फार तर दोन. म्हणजे सगळ्या देशातल्या पोरांचे डोळे अवघ्या डझनभर जागांवर! तलाठ्याच्या एका जागेला किती अर्ज येतात, ते आपण पाहतोच. तिथे तर चुरस त्याहून कठीण होती.

ही भरती कशी होई? लीगचे संघ कोवळ्या वयाच्या मुलांची नावे पाळीपाळीने निवडत. नाव निवडले म्हणजे नोकरी लागली असे नव्हे. हा मुलगा लीगमध्ये आलाच, तर आमच्याच संघाकडे येईल, एवढा हक्क त्या संघाला मिळे. हा हक्क एक संघ दुसऱ्याला देऊही शके. १९६४ साली केन सोळा वर्षांचा असताना बॉस्टनच्या संघाने त्याला चौदाव्या क्रमांकावर निवडले. थोड्याच दिवसांत त्याच्यावरचा हक्क मॉन्ट्रियलच्या संघाकडे गेला. गंमत अशी की, आधी आपल्याला बॉस्टनने निवडले होते, हे केनला पुष्कळ वर्षांनी कळले. कागदावर माणसाचा सौदा झाला, आणि ज्याचा सौदा झाला त्यालाच पत्ता नाही!

पुढची नेहमीची वाट ठरलेली होती. मुलाने घर सोडावे. दुसऱ्या गावी कुणाच्या तरी घरी राहावे. तिथल्या कुमार संघातून खेळावे. पुष्कळ सामने, बसचा लांबलांबचा प्रवास, रात्री-बेरात्री परत येणे. शाळा चालली तर चालली. यातून जे निभावत ते लीगमध्ये जात. बाकीचे विशी-बाविशीला घरी परतत. हातात ना खेळ, ना शिक्षण.

केनपुढेही हीच वाट ठेवली गेली. मॉन्ट्रियलच्या लोकांची इच्छा होती की त्याने कुमार संघात जावे. ड्रायडन घराण्याने विचार केला आणि ती वाट नाकारली. केन १९६५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला.

त्या काळी जाणत्या लोकांना हे वेडेपण वाटले असेल. कारण कॉलेजात गेलेला खेळाडू लीगच्या कामाचा राहत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. केनने हा धोका पत्करला. नसेल लीग नशिबात तर नसो, पदवी तर पदरात पडेल, असा हा हिशेब. एक गोष्ट इथे सरळ सांगायला हवी. ड्रायडनचे घर खाऊन-पिऊन सुखी होते. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची भ्रांत, त्याला असा हिशेब करणे सोपे नसते. तरीही हिशेबाची रीत सगळ्यांनी शिकण्यासारखी आहे.

कॉलेजातली चार वर्षे

कॉर्नेल विद्यापीठ न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाच्या गावी आहे. ज्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात ते मोडते, तिथे नुसता खेळ चांगला म्हणून फी भरली जात नाही. विद्यार्थी म्हणून आधी पास व्हावे लागते. शिवाय त्या वेळी असा नियम होता की, पहिल्या वर्षाच्या मुलाने कॉलेजच्या मुख्य संघातून खेळायचे नाही. केनने इतिहास हा विषय घेतला. पहिले वर्ष थांबला. मग पुढची तीन वर्षे मुख्य संघाचा गोल राखला.

त्या तीन वर्षांत तो ८१ सामन्यांत उतरला. त्यांपैकी ७६ जिंकले, ४ हरले आणि १ बरोबरीत सुटला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६७ साली, कॉर्नेलने साऱ्या अमेरिकेतल्या कॉलेजांचे अजिंक्यपद मिळवले. १९६९ साली केन पदवीधर झाला.

कॉलेजचा एक फायदा आमच्या मते असा. तिथे सामने कमी आणि सराव जास्त असतो. कुमार संघात दर दोन-तीन दिवसांनी सामना, मग चूक सुधारायला वेळ कुठला? कॉलेजात आठवडाभर सराव करायचा आणि आठवड्याच्या शेवटी खेळायचे. शरीर भरायलाही वेळ मिळतो. केन सहा फूट चार इंच उंच. अशा उंच मुलाला अंगाचा तोल सावरायला थोडी वर्षे लागतातच. कोवळ्या बैलाला एकदम जड औताला जुंपत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

कायद्याची पुस्तके आणि बर्फ

पदवी मिळाली. आता तरी मॉन्ट्रियलला जावे? केनच्या मनात कायदा शिकायचे होते. तेव्हा कॅनडाचा एक राष्ट्रीय संघ होता. तो विनिपेग शहरी राही. त्यात खेळता खेळता शिकण्याची सोय होती. केन तिकडे गेला. पण काही महिन्यांतच गाडे अडले. जागतिक सामन्यांत धंदेवाईक खेळाडू घ्यावे की नाही, यावर वाद झाला आणि जानेवारी १९७० मध्ये कॅनडाने त्या सामन्यांतून अंग काढून घेतले. राष्ट्रीय संघाचे कामच संपले.

तेव्हा मॉन्ट्रियलच्या क्लबाशी बोलणे झाले. केनचे म्हणणे एकच होते. खेळेन, पण कायद्याचा अभ्यास सोडणार नाही. क्लबाने ते मान्य केले. मॉन्ट्रियल शहरातच मॅकगिल विद्यापीठ आहे. तिथे केनने नाव घातले. १९७०-७१ च्या मोसमात तो दिवसा वर्गात बसे आणि क्लबाच्या दुसऱ्या फळीच्या संघातून खेळे. मोठे संघ असा दुसरा संघ बाळगतात. रोपवाटिकेसारखाच तो प्रकार. रोप तिथे वाढवायचे, जोर धरला की मोठ्या वाफ्यात लावायचे.

मार्च १९७१ मध्ये केनला मोठ्या संघातून बोलावणे आले. मोसम संपत आला होता. सहा सामने मिळाले. सहाही जिंकले. त्यातच २० मार्च रोजी एक अपूर्व प्रसंग घडला. मॉन्ट्रियलकडून केन आणि समोर बफेलो संघाकडून त्याचा थोरला भाऊ डेव्ह, असे दोघे गोल राखत होते. सामना संपल्यावर दोघे भाऊ मैदानाच्या मध्यावर आले आणि त्यांनी हात मिळवले. अंगणातला खेळ लीगपर्यंत पोहोचला होता.

वीस सामने

मोसमाच्या शेवटी लीगचे निवडक संघ बाद फेरी खेळतात. जिंकणाऱ्याला स्टॅनली कप मिळतो. हा कप लॉर्ड स्टॅनली या कॅनडाच्या गव्हर्नर जनरलने १८९२ साली दिला. तो मिळावा म्हणून खेळाडू जिवाचे रान करतात.

पहिल्याच फेरीत मॉन्ट्रियलची गाठ बॉस्टनशी पडली. बॉस्टन म्हणजे मागल्या वर्षीचा विजेता. त्या मोसमात त्यांनी ५७ सामने जिंकले होते आणि ३९९ गोल केले होते. एवढे गोल तोवर कुठल्याच संघाने केले नव्हते. फिल एस्पोझिटो या एकट्या गड्याचे गोल ७६! त्याच्या जोडीला बॉबी ऑर. अशा संघापुढे मॉन्ट्रियलने गोलात कुणाला उभे केले? अवघे सहा सामने खेळलेल्या, तेवीस वर्षांच्या, कायद्याच्या विद्यार्थ्याला.

पहिला सामना बॉस्टनने जिंकला. दुसऱ्यातही ते ५-१ असे पुढे होते. लोकांना वाटले, संपला खेळ. पण त्याच सामन्यात मॉन्ट्रियलने उलट खाल्ली आणि ७-५ असा सामना मारला. सात सामन्यांची ही झुंज शेवटच्या सामन्यापर्यंत गेली आणि मॉन्ट्रियलने ती जिंकली. केनचे लांब हातपाय कुठून येऊन चकती अडवतात, हे बॉस्टनच्या गड्यांना कळेना. एस्पोझिटोने तर त्याला जिराफच म्हटले.

पुढे मिनेसोटाचा पाडाव झाला. अंतिम फेरी शिकागोशी. तीही सातव्या सामन्यापर्यंत ताणली. १८ मे १९७१ रोजी शिकागोत मॉन्ट्रियल आधी ०-२ असे मागे पडले आणि मग ३-२ असे जिंकले. बाद फेरीचे वीसच्या वीस सामने केनने राखले. बाद फेरीतला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याला कॉन स्माइथ बक्षीस मिळाले. आणि पुढच्या वर्षी, १९७२ साली, त्याला लीगमधल्या उत्तम नवख्या खेळाडूचे बक्षीस मिळाले! आधी सर्वांत मोलाचा आणि मग उत्तम नवखा. असा उलटा क्रम लीगमध्ये दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. सहाच साधे सामने खेळल्यामुळे नियमाप्रमाणे पुढच्या वर्षीही तो नवखाच ठरला होता.

एवढे नाव झाल्यावर एखाद्याने कॉलेजला रामराम ठोकला असता. केनने ठोकला नाही. लीगचा पुरा मोसम खेळत त्याने अभ्यास चालू ठेवला आणि १९७३ साली कायद्याची पदवी घेतली.

आठवड्याला १३४ डॉलर

त्याच १९७३ सालची गोष्ट. केनच्या हातात दोन स्टॅनली कप होते. उत्तम गोलकीपरचे बक्षीसही मिळाले होते. पण त्याला वाटे की आपला पगार आपल्या कामाच्या मानाने कमी आहे. क्लबाशी बोलणे झाले. जमले नाही. मग त्याने काय केले? भांडण नाही, आरडाओरड नाही. त्याने खेळातून एक वर्ष बाहेर राहायचे ठरवले. वकील व्हायला कचेरीत उमेदवारी करावी लागतेच. टोरांटोतल्या एका वकिलांच्या कचेरीत तो आठवड्याला १३४ डॉलरवर उमेदवार म्हणून बसला. लीगच्या पगारापुढे ही रक्कम म्हणजे चणे-फुटाणे.

त्या मोसमात मॉन्ट्रियलचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. १९७४ साली केन चांगल्या करारावर परत आला.

वाचकहो, या ठिकाणी जरा थांबा. त्याला असे ताठ मानेने उठून जाता आले ते कशामुळे? गोल चांगला राखत होता म्हणून? चांगला खेळणारे पुष्कळ होते. पण "तुमचे पटत नसेल तर मी दुसरे काम करीन" असे म्हणायला दुसरे काम यावे लागते. ज्याला एकच काम येते, त्याला मालक म्हणेल ती मजुरी घ्यावी लागते. शिक्षणाने पोट भरते असे आम्ही शाळेत सांगत असू. त्याहून मोठी गोष्ट अशी की, शिक्षणाने माणसाला 'नाही' म्हणता येते.

दुसऱ्या गड्याची गोष्ट

वर बॉबी ऑरचे नाव आले. तो केनहून सात महिन्यांनी लहान. खेळात मात्र साऱ्या जगात अव्वल. जाणते लोक आजही त्याला सर्वश्रेष्ठांत मोजतात. त्याने नेहमीची वाट धरली. चौदाव्या वर्षी बॉस्टनच्या क्लबाशी बांधला गेला आणि कुमार संघात खेळू लागला. अठराव्या वर्षी लीगमध्ये आला. पण त्याच्या गुडघ्यांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. १९७८ साली, तिशीतच, खेळ संपला.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ऑरचे करार आणि पैशाचे व्यवहार एक गृहस्थ पाहत. ऑरचा त्यांच्यावर भावासारखा विश्वास. १९७६ साली बॉस्टनच्या क्लबाने ऑरला क्लबाच्या मालकीतला काही हिस्सा देऊ केला होता. ती गोष्ट त्या गृहस्थांनी ऑरपर्यंत पोहोचवलीच नाही. ऑर बॉस्टन सोडून शिकागोला गेला. खेळ संपल्यावर हिशेब पाहिला, तर एवढ्या मोठ्या खेळाडूच्या हाती फारसे काही उरले नव्हते. पुढे १९९८ साली त्या गृहस्थांना खेळाडूंच्या पैशांबाबतच्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने शिक्षा केली. ऑरने स्वतःच्या हिमतीने आपला संसार पुन्हा उभा केला, हे त्याचे मोठेपण.

ऑर अडाणी नव्हता. लिहिता-वाचता येत होते. पण करार स्वतः वाचला नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. अंगठा उठवणारा आणि न वाचता सही करणारा, दोघे एकाच होडीत बसलेले असतात. तुम्ही आता अक्षरे ओळखू लागला आहात. सोसायटीचा कागद असो, बँकेचा असो, नाहीतर जमिनीचा. आधी वाचा. समजले नाही तर विचारा. मग सही करा. घाई करणाऱ्याला सांगा, "थांब बाबा, मला वाचू दे."

खेळानंतर

केनने १९७६, १९७७, १९७८ आणि १९७९ असे ओळीने चार कप आणखी जिंकले. एकूण सहा झाले. लीगच्या ३९७ साध्या सामन्यांत त्याने फक्त ५७ हरले. खेळ थांबला की तो आपली काठी बर्फावर उभी रोवी आणि तिच्या टोकावर दोन्ही हात ठेवून, हनुवटी टेकून शांत उभा राही. बांधावर काठीला टेकून गुरांकडे पाहणारा गुराखी जसा दिसतो, तसा. कॅनडात घरोघरी हे चित्र लोकांच्या मनात बसले आहे.

१९७९ साली, एकतिसाव्या वर्षी, अंगात जोर असताना त्याने खेळ सोडला. पुढे काय, ही चिंता त्याला नव्हती. १९८३ साली त्याने आपल्या खेळावर एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'द गेम'. खेळावरच्या उत्तम पुस्तकांत ते गणले जाते. २००४ साली तो लोकांच्या मतांवर संसदेत निवडून गेला आणि समाजविकास खात्याचा मंत्री झाला. लहान मुलांच्या संगोपनाची देशभर सोय व्हावी म्हणून त्याने राज्याराज्यांशी करार घडवून आणले. मंत्री झालेल्या माणसाला आता आपण अहो-जाहो करू. ड्रायडन २०११ पर्यंत संसदेत होते. ५ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुण्याशी जुळलेला धागा

या घराण्याचा आपल्या महाराष्ट्राशी एक धागा आहे. केन यांचे वडील मरे ड्रायडन १९६० च्या दशकात आपल्याकडच्या मुलखात प्रवासाला आले होते. रस्त्याच्या कडेला उघड्यावर झोपलेली मुले त्यांनी पाहिली आणि ते त्यांच्या मनाला लागले. घरी गेल्यावर त्यांनी व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी एक संस्था काढली. गरीब मुलांना अंथरूण-पांघरूण द्यायचे, हे तिचे काम. गादी किंवा चटई, उशी, चादर, जिथे डास तिथे मच्छरदाणी, आणि जोडीला कपडे व शाळेच्या वस्तू. पहिले वाटप १९७० साली कुठे झाले? आपल्या पुण्यात! तेव्हापासून निरनिराळ्या देशांतल्या दहा लाखांहून जास्त मुलांना अशी अंथरुणे मिळाली आहेत. थोरले चिरंजीव डेव्ह यांनीही पुढे या कामाला खांदा दिला.

ज्या बापाने आपल्या पोरांना अंगण करून दिले, त्यानेच परक्यांच्या पोरांना अंथरूण दिले.

आता काय रीत आहे?

केनच्या काळी कॉलेजातून लीगमध्ये जाणारा विरळा होता. आता तसे नाही. संघाने निवड केली तरी मुलगा कॉलेजात शिकत राहू शकतो. संघ आपला हक्क राखून थांबतो. मुलगा तयार झाला की करार करतो. आज लीगमधले पुष्कळ खेळाडू कॉलेजातून आलेले असतात.

एक अडचण मात्र पुष्कळ वर्षे होती. मोठ्या कुमार संघात खेळलेल्या मुलाला अमेरिकेतल्या कॉलेजांचे दार बंद असे. कारण कुमार संघात थोडा भत्ता मिळतो, म्हणजे तो पगारी झाला, असे कॉलेजे धरत. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला एकच वाट निवडावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलायचे ठरले आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडले. आता कुमार संघात खेळूनही कॉलेजात जाता येते. जे एका घराने १९६५ साली ओळखले, ते नियम करणाऱ्यांना कळायला साठ वर्षे लागली.

आम्ही त्यांना हसत नाही. आम्हालाही ते वेळेवर कळले नव्हते.

आता कुणी बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, पोरगं खेळात रमतंय," तर आम्ही त्याला सांगू, "खेळू द्या. पण रोज दोन तास पुस्तकासमोर बसवा. त्याला सांगा की गुडघा एखादे दिवशी दगा देईल, वय तर देणारच देणार. त्या दिवशी त्याच्या हाताला दुसरे काम हवे." आणि त्या बापाला स्वतःलाच वाचता येत नसेल, तर आम्ही आणखी एक गोष्ट सांगू. "तुम्हीही त्याच्या शेजारी पाटी घेऊन बसा. पोराच्या कराराचा कागद उद्या घरात आला, तर तो वाचणारे कुणीतरी घरात हवे."